कुंडीतली माती : राबापासून काथ्याच्या भुशापर्यंत

ज्या व्यासपीठावरून राज्यक्रांत्या, तत्त्वज्ञाने आणि महाकाव्ये यांची चर्चा व्हावयाची, तेथे कुंडीतल्या मातीचा विषय काढला तर तो किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तथापि इतिहास जसा राजवाड्याच्या दप्तरात सापडतो तसाच तो शेतकऱ्याच्या उकिरड्यातही सापडतो, अशी आमची समजूत आहे. म्हणून आज पालघर, बोईसर आणि तारापूर या टापूत घरोघरी दिसणाऱ्या कुंड्यांपासून आम्ही आरंभ करीत आहोत.

या टापूचे रूप गेल्या साठ वर्षांत झपाट्याने पालटले. तारापूरची अणुवीज १९६९ साली सुरू झाली. तिच्या मागोमाग औद्योगिक वसाहत वाढली, बोईसरला कामगारांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहती उठल्या. २०१३ साली मुंबईची उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर हा स्वतंत्र जिल्हा निघाला. ज्यांच्या आईवडिलांना परसू होते त्यांना आता सज्जा आहे. परसातली तुळस, मोगरा, मिरची, कढीलिंब ही मंडळी कुंडीत येऊन बसली. आणि कुंडी आली की प्रश्न आला : तिच्यात भरावयाचे काय?

या प्रश्नाला अलीकडे पाश्चात्त्य बागकामाच्या पुस्तकांतून एक उत्तर ऐकू येते. ते असे की, मिश्रण कोणतेही घ्या, पण त्यात पीट नको. आपल्याकडील पुष्कळांना पीट म्हणजे काय हेच ठाऊक नसते, मग ते नको असण्याचे कारण कोठून ठाऊक असणार? आमचे प्रतिपादन इतकेच आहे की, हा वाद वाटतो तितका परका नाही. रोपासाठी लागणारे पोषण कोठून आणावयाचे आणि ते आणताना कोणाचे नुकसान करावयाचे, हा प्रश्न याच जिल्ह्यात सुमारे १४० वर्षांपूर्वी सरकारदरबारी गाजला होता. तेव्हा त्याचे नाव राब असे होते.

प्रथम पीटसंबंधी दोन शब्द सांगणे जरूर आहे. थंड प्रदेशांतील दलदलीत स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. पाण्याखाली प्राणवायू नसल्यामुळे ते मेले तरी पुरते कुजत नाही. थरावर थर साचत जातो, आणि तोही वर्षाला सुमारे एक मिलिमीटर इतक्या सावकाश. म्हणजे हातभर खोलीचा थर साचावयास कित्येक शतके लागतात. हा अर्धकुजका, हलका, तपकिरी पदार्थ म्हणजे पीट. पृथ्वीच्या एकंदर जमिनीपैकी अवघी तीन टक्के जमीन अशा दलदलींची आहे, पण जगातील मातीत साठलेल्या कर्बापैकी सुमारे एक तृतीयांश तिच्यात आहे. दलदलीचे पाणी काढून पीट उपसले की त्याला हवा लागते आणि शतकानुशतके दडलेला कर्ब वायुरूपाने बाहेर पडू लागतो. शिवाय त्या दलदलीवर जगणाऱ्या वनस्पती, पक्षी आणि कीटक यांचे घर मोडते ते निराळेच.

असा पदार्थ माळ्यांना इतका प्रिय का झाला, हे समजण्यासाठी कुंडी आणि शेत यांतला भेद ध्यानी घेतला पाहिजे. शेतातल्या मुळाला खाली हातभर माती असते. पाणी जास्त झाले तर ते खाली झिरपते, कमी पडले तर खालचा ओलावा वर चढतो. कुंडीतल्या मुळाला वीतभर जागा असते. शेतातली उत्तम माती जशीच्या तशी कुंडीत भरली, तर रोज पाणी घातल्याने ती दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. कुंडीला असे काही लागते की जे पाणी धरील, पण हवाही खेळू देईल. वजनाला हलके असेल, पण झाड उभे धरील. पीटमध्ये हे गुण एकत्र सापडतात. त्याच्या मोहाचे मूळ एवढेच आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताचे रोप तयार करण्याची जुनी रीत राबाची. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण पसरावयाचे, त्यावर झाडांचे टहाळ, त्यावर गवत व पाला, आणि वरून बारीक मातीचा थर द्यावयाचा. मग वाऱ्याच्या उलट दिशेने विस्तव लावावयाचा, म्हणजे राब भडकत नाही, धुमसत जळतो. पहिला पाऊस पडला की त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरावयाचे. रोपाची जागा खाचराच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढी. पण तेवढ्या जागेसाठी टहाळ, गवत आणि पाला लागे तो दुसऱ्या मोठ्या जमिनीवरून येई. म्हणूनच भाताच्या खाचरांबरोबर वरकस जमीन असे. खाचर पिकवावयाचे तर वरकस हवी, हे कोकणच्या शेतीचे गणितच होते.

१८७८ चा जंगल कायदा झाला आणि हे गणित बिघडले. राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. जंगल खात्याचे म्हणणे असे की, दरसाल फांद्या छाटून झाडे खुरटतात आणि डोंगर उघडे पडतात. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की, राबावाचून रोप होत नाही आणि रोपावाचून भात नाही. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली मुंबई सरकारला ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. मुंबई जंगल आयोग या नावाने तो ओळखला जातो. त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर आला. त्याच्या कामकाजात राबाचा प्रश्न अग्रभागी होता.

त्या वादात कोणाची बाजू सर्वस्वी खरी होती, याचा निवाडा आम्ही करू इच्छित नाही. जंगल राखणे जरूर होते हे खरे. पण राखणाऱ्याने त्या जंगलावर जगणाऱ्या वारली, कातकरी व कुणबी कुटुंबांच्या पोटाचा विचार शेवटी केला, हेही तितकेच खरे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, रोप जेथे वाढते तेथले पोषण दुसऱ्या कोणत्यातरी जमिनीवरून आलेले असते, ही गोष्ट त्या वेळी कागदोपत्री उघड झाली. खाचराची हिरवळ पाहणाऱ्याला वरकस दिसत नाही. सज्ज्यातली कुंडी पाहणाऱ्यालाही दलदल दिसत नाही.

राबाचा शास्त्रीय विचारही लवकरच झाला. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या दोन सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर प्रबंध लिहिला. तो १९१२ साली सरकारी कृषिखात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. राबाने राखेतून खत मिळते हे तर उघडच आहे. पण त्याखेरीज धगीने तणांचे बी मरते, रोगजंतू कमी होतात आणि मातीतील काही द्रव्ये रोपाला सहज मिळतील अशी होतात. ज्याला अडाणी रूढी म्हणून हिणवले जाई तिच्यात विचार होता. तिच्यात दोषही होता : जे कुजवून मातीत घालता आले असते त्याचा बहुतेक भाग धूर होऊन जात असे.

योगायोग असा की, पुढे वीसपंचवीस वर्षांनी इंग्लंडमध्ये कुंडीच्या मातीचे जे पहिले शास्त्रशुद्ध मिश्रण सिद्ध झाले, त्याच्याही मुळाशी माती तापविण्याचीच युक्ती होती. लंडनजवळील मर्टन येथील जॉन इनेस संस्थेत विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी १९३० नंतरच्या दशकात हे काम केले. त्यापूर्वी प्रत्येक माळ्याची प्रत्येक झाडासाठी निराळी गुप्त कृती असे. या दोघांनी वाफेने निर्जंतुक केलेली माती सात भाग, पीट तीन भाग आणि भरड रेती दोन भाग असे सर्व झाडांना चालेल असे प्रमाण बसविले. येथे पीट हा पाहुणा होता, घरधनी माती होती. परंतु १९५७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने बारीक रेती व पीट यांच्या बिनमातीच्या मिश्रणांचा पुरस्कार केला, आणि त्यानंतरच्या दशकात पिशवीत भरलेले हलके पीट युरोप-अमेरिकेच्या दुकानांत सर्रास आले. पाहुणा घरधनी झाला. १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये पीटविरुद्ध चळवळ उभी राहिली. आयर्लंडच्या सरकारी पीट कंपनीने २०२१ साली पीट उपसणे कायमचे थांबविल्याचे जाहीर केले. घरगुती बागांसाठी पीटची विक्री २०२४ पर्यंत बंद करण्याचा इरादा ब्रिटिश सरकारने २०२२ साली जाहीर केला, पण ते वर्ष कायद्यावाचूनच उलटले. पन्नास वर्षांची सवय मोडणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

आमच्या किनाऱ्यावर कुंडीची विद्या या सर्वांहून निराळ्या वाटेने आली होती. केळवे-माहीमपासून बोर्डी-घोलवडपर्यंत वाड्यांची परंपरा जुनी. पानवेली, केळी, नारळ आणि विसाव्या शतकात चिकू यांनी ही पट्टी नावारूपास आणली. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. चिकूचे कलम बांधतात ते खिरणीच्या रोपावर. भेटकलमाच्या रीतीत खिरणीचे रोप कुंडीत वाढवून ती कुंडी मातृवृक्षापाशी न्यावयाची, लागल्यास मांडवावर चढवावयाची, आणि दोन्ही फांद्यांची भेट घडवून जीव जुळेपर्यंत तेथे ठेवावयाची. अशा कुंडीतली माती जड असून चालत नाही आणि लवकर सुकूनही चालत नाही. कलम करणाऱ्या माळ्याने हे कोडे तांबडी माती, मुरलेले शेणखत, कुजलेला पाला आणि रेती यांनीच सोडविले. गुटी कलमाला मात्र ओले शेवाळ गुंडाळण्याची शिफारस पुस्तकांत असते, आणि ते बहुधा त्याच स्फॅग्नम जातीचे असते.

कुजविण्याच्या विद्येत तर आपल्याकडील माणसांचा वाटा फार मोठा आहे. होळकरांच्या इंदुरात १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने काडीकचऱ्याचे खत करण्याची पद्धत बसविली. दोघांच्या नावाचा ग्रंथ १९३१ साली निघाला. निरनिराळ्या जातींचा काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यावयाचे. पंधराव्या दिवशी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी ढीग परतावयाचा. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. जगभर सेंद्रिय शेतीच्या चळवळीने हॉवर्ड यांचे नाव डोक्यावर घेतले; वाड यांचे नाव मात्र महाराष्ट्रातही थोड्यांनाच माहीत आहे. पुढे १९३९ च्या सुमारास बंगलोरला आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी न परतता खत करण्याची पद्धत काढली. राबात जे जळत होते तेच येथे कुजू लागले, आणि जळण्यात गमावलेला नत्र व सेंद्रिय अंश मातीला मिळू लागला.

ही विद्या शेतातून गच्चीवर आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे, त्यांत कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांचे नाव अग्रगण्य आहे. प्रयोग परिवाराच्या द्वारे त्यांनी सामान्य माणसाला स्वतः मोजून, नोंदून, पडताळून पाहावयास शिकविले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडे आणि थोडे खत भरलेल्या पिशव्यांवर गच्चीत भाजीपाला पिकवून दाखविला. मुंबई बंदर न्यासाच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी राहिली. या कोणालाही दलदलीचे शेवाळ लागले नाही.

आता काथ्याच्या भुशाकडे येऊ. नारळाच्या सोडणातून एक किलो काथ्या काढला की सुमारे दोन किलो भुसा उरतो. केरळात खाजणांच्या काठी या भुशाचे डोंगर साचत आणि पावसात त्यांचे तपकिरी पाणी नदीनाल्यांत उतरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील माळी हाच भुसा कुंड्यांत वापरीत. मग पीटच्या लाटेत त्याचा विसर पडला, आणि पीटविरोधी चळवळीने त्याला पुन्हा वर काढले. आज तो दाबून केलेल्या विटांच्या रूपाने बोईसरच्या बाजारातही मिळतो. त्याला कोकोपीट म्हणतात. नावात पीट असले तरी त्याच्यात पीटचा कणही नाही, हे गिऱ्हाइकाने ध्यानात ठेवावे. उलट, ज्या पिशवीवर नुसते ‘पॉटिंग मिक्स’ असे लिहिलेले असते तीत काय भरले आहे, हे मात्र वाचून किंवा विचारून घ्यावे.

भुसा चांगला असला तरी तो खत नव्हे. त्यात कर्ब नत्राच्या शंभरपटीहून अधिक असतो. असा कच्चा भुसा कुंडीत भरला की त्याला कुजविणारे जीवाणू मिश्रणातला नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि झाडाची पाने पिवळी पडतात. शिवाय सोडण खाऱ्या पाण्यात मुरविलेले असेल तर भुशात मीठ राहते. म्हणून वीट गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, पाणी टाकून, पुन्हा भिजवावी. असे दोनतीन वेळा केले की पुष्कळसे मीठ निघून जाते. आणि हेही विसरू नये की, भुसा दूरवरून येतो व कारखान्यात धुण्यासाठी गोडे पाणी खातो. पीटपेक्षा तो निःसंशय बरा. पण आपल्या अंगणातल्या पाल्यापेक्षा तो बरा आहे असे सिद्ध झालेले नाही.

आणि अंगणात काय नाही? आंबा-चिकूच्या वाड्यांतला पाला आहे. वाड्याच्या कोलमाचे नाव झाले, त्या भाताच्या गिरण्यांतून तूस निघतो. तो सावकाश कुजतो, म्हणून मिश्रण भुसभुशीत ठेवावयास उत्तम. रसवंतीची चिपाडे आहेत, शहाळ्यांची सोडणे आहेत, प्रत्येक स्वयंपाकघरात भाजीची देठे आणि साली आहेत. सातपाटी-डहाणूच्या किनाऱ्यावर मासळीचे खतही मिळते. पण ते खारट असते, म्हणून मोठ्या झाडांच्या बुंध्याला घालावे, लहान कुंडीत नको.

एका बाबतीत मात्र या टापूतील माणसाने डोळ्यांत तेल घालून राहिले पाहिजे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मोजणीत देशातील औद्योगिक क्षेत्रांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक सर्वांत वरचा ठरला होता. तेव्हा नाल्याचा गाळ काळा व सुपीक दिसतो म्हणून, किंवा फुकट मिळते म्हणून कारखान्याच्या आवारातली माती, खाण्याच्या भाजीच्या कुंडीत भरू नये. काडीकचरा कुजतो, शिसे आणि पारा कुजत नाहीत. ज्या मातीचे कूळ माहीत नाही तिला स्वयंपाकघराच्या वाटेवर आणू नये.

मिश्रणाचे प्रमाण विचाराल तर आम्ही असे सुचवू : घरचे किंवा खात्रीचे मुरलेले खत दोन भाग, धुतलेला काथ्याचा भुसा अथवा चाळलेला पालाखताचा चुरा एक भाग, स्वच्छ तांबडी माती एक भाग, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. आमच्याकडे पावसाचे चार महिने धो धो आणि उरलेले आठ महिने कोरडे, हे हिशेबात धरले पाहिजे. उन्हाळ्यासाठी भुशाचे प्रमाण थोडे वाढवावे व वर पाल्याचे आच्छादन द्यावे. ज्या कुंड्या पावसात उघड्यावर राहणार त्यांत भुसा कमी करून तूस, भरड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे घालावेत, नाहीतर श्रावण सरण्याआधी मुळे कुजतील. पाऊस खतही धुऊन नेतो, म्हणून गणपतीनंतर मूठ मूठ गांडूळखत पुन्हा द्यावे. वर्षभरात मिश्रण खचते. ते फेकू नये, मोकळे करून त्यात तिसरा हिस्सा नवे खत मिसळावे.

खत मुरले की नाही याची परीक्षा सोपी आहे. मूठभर हातात घ्यावे : ते गरम लागता कामा नये, आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास यावा. शंका असेल तर वाटीभर खतात मेथीचे दाणे पेरावेत. चारपाच दिवसांत दाणे जोमाने उगवले तर खत तयार. कुजले किंवा कोंब करपले तर त्याला आणखी महिनाभर मुरू द्यावे.

इतिहास सांगता सांगता आम्ही स्वयंपाकघरापर्यंत आलो, याचे कारण या इतिहासाचा शेवट तेथेच आहे. १८८५ सालच्या शेतकऱ्याने टहाळ जाळला तो निरुपायाने; त्याच्यासाठी तो भाताचा आणि भुकेचा प्रश्न होता. आज वसाहतीच्या कुंपणाशी सकाळी झाडलेला पाला पेटविला जातो, तो कशासाठी? २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला कचरा वेगळा करणे बंधनकारक केले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. तरीही एका हाताने पाला पेटवावयाचा आणि दुसऱ्या हाताने दूरदेशीची पिशवी विकत आणावयाची, असा व्यवहार सुशिक्षित घरांत चाललेला दिसतो. राबाला निदान रोप उगवत असे. या आगीतून धुराखेरीज काही उगवत नाही.

म्हणून पीट टाळा, एवढे सांगून भागत नाही. कुंडीत जे घालावयाचे ते कोणाच्या रानातून, कोणाच्या दलदलीतून किंवा कोणाच्या नदीकाठावरून आले, हे विचारण्याची सवय लागली पाहिजे. ज्या मुलखाने हा प्रश्न वरकस आणि खाचर यांच्या भाषेत एकदा सोसला आहे, त्याला तो नव्याने शिकविण्याची गरज पडू नये. दर वसाहतीत एक खड्डा, एक झाकण आणि तीन महिन्यांचा धीर, एवढे जमले तर पालघर-बोईसरच्या कुंड्यांना बाहेरून फारसे काही आणावे लागणार नाही.